पाऊण डॉलर, अर्धा सेकंद

आंद्रेस फ्रॉइंड हा सुरक्षेच्या धंद्यातला माणूस नव्हे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या घडणीत तो वर्षानुवर्षं रमलेला, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. २०२४ च्या मार्च महिन्यात तो डेबियन लिनक्सच्या एका चाचणी आवृत्तीवर डेटाबेसचा वेग मोजत बसला होता. असलं बारीक मोजमाप करायचं तर मशीन निवांत लागतं. मागे कोण खुडबुड करतंय म्हणून त्यानं पाहिलं, तर अंदाजपंचे पासवर्ड टाकून आत शिरू पाहणारे इंटरनेटवरचे नेहमीचेच उपटसुंभ होते, आणि त्यांना दारातून परत पाठवायचं काम दुरून लॉगिनची सोय करणारं एसएसएच करत होतं. त्यात नवल काहीच नाही. नवल एवढंच, की हे परत पाठवणं नेहमीपेक्षा महाग पडत होतं. प्रोसेसर जास्त राबत होता आणि लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जादा लागत होता.

बहुतेकांनी त्या अर्ध्या सेकंदाकडे काणाडोळा केला असता. मीही केला असता, हे आधीच कबूल करतो. फ्रॉइंडनं तो धागा ओढला आणि २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, जगाला कळवलं की 'एक्सझेड' नावाच्या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्यासुध्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा आहे. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये तो बसवलेला होता. बसवणाऱ्यानं 'जिया टॅन' असं नाव घेतलं होतं. या इसमानं दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात इमानेइतबारे काम केलं, थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला आणि मग चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींच्या पोटात विष दडवलं. ज्याच्याकडे योग्य ती किल्ली असेल त्याला अशा सर्व्हरवर पासवर्डशिवाय हवी ती आज्ञा चालवता आली असती. फेडोरा आणि डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत हे पोचलं होतं. बँका, दवाखाने, सरकारी कार्यालयं जी स्थिर आवृत्ती वापरतात तिथवर अजून यायचं होतं.

अशीच एक गोष्ट १९८६ मधली. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ होता. संशोधनाचा निधी संपला तशी त्याची रवानगी संगणक विभागात झाली आणि नवा माणूस म्हणून त्याला एक किरकोळ काम मिळालं: संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येतोय, तो का ते बघ. पाऊण डॉलर! आपल्याकडे बँकेतला जुन्या वळणाचा कारकून चार आण्यांचा ताळा लागत नाही म्हणून रात्री दहापर्यंत खातेवह्या उलथ्यापालथ्या करायचा, त्या जातीचं हे काम. स्टॉलला त्या पाऊण डॉलरच्या मागे एक परका माणूस सापडला. ईमॅक्स या संपादकाचा टपाल हलवणारा एक छोटा भाग तिथे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकारानं बसवलेला होता, आणि त्याच फटीतून हा पाहुणा आत येऊन अमेरिकी लष्कराचे संगणक चाचपत होता. स्टॉलनं एका शनिवार-रविवारी कार्यालयातले टेलिप्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणले, बाहेरून येणाऱ्या टेलिफोन लायनींना जोडले आणि पाहुण्याची एकेक कळ कागदावर उमटू दिली. माग जर्मनीतल्या हानोव्हरपर्यंत गेला. तिथून माहिती सोव्हिएत केजीबीला विकली जात होती.

या दोघांकडे कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. दोघांना फक्त नेहमीचं काय असतं हे पक्कं ठाऊक होतं. सर्व्हर सांभाळणं आणि सर्व्हर सुरक्षित ठेवणं ही दोन वेगळी कामं मानायची पद्धत आता रूढ झाली आहे. दोन टीम, दोन बजेटं, दोन साहेब, मध्ये ई-मेलची भिंत. मोठ्या संस्थेत ही विभागणी काही प्रमाणात अटळ असेलही, पण ती कामाची विभागणी आहे, विषयाची नव्हे. ज्याला आपल्या मशीनची रोजची चाल माहीत नाही त्याला ती बिघडलेली कधी कळणार?

'ॲडमिनिस्ट्रेशन'ला मराठीत प्रशासन म्हणतात खरं. पण त्या शब्दामागोमाग लाल फीत, गोल शिक्का आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे सगळं हजर होतं. मला या कामाला 'राखण' हा शब्द जवळचा वाटतो. माळ्यावर बसून ज्वारी राखणारा माणूस दिवसा पाणी पाजतो, बांध नीट करतो, आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला कळतं की आत्ताची सळसळ वाऱ्याची होती की डुकराची. त्याला कुणी 'सिक्युरिटी' वेगळी शिकवलेली नसते. हे पुस्तक राखणीचं आहे. प्रकाशकांना मुखपृष्ठावर मात्र 'एंटरप्राइज लिनक्स' हे शब्द हवे होते, आणि ग्राहक त्याच नावानं पुस्तक शोधतो हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.

तेव्हा त्या 'एंटरप्राइज'बद्दल चार शब्द. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानं २५ ऑगस्ट १९९१ ला आपण एक छंद म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय असं जाहीर केलं, ही कथा सर्वांना पाठ आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं, हेही वाचनात आलं असेल. पण छंदाची गोष्ट धंद्याच्या उपयोगी पडायला मधे एक गोष्ट घडावी लागली, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ती म्हणजे काळाचं वचन. रेड हॅट या कंपनीनं २००२ मध्ये जे उत्पादन बाजारात आणलं त्याचं मर्म नव्या सोयींत नव्हतं, सोयी न बदलण्यात होतं. पुढे हे वचन १० वर्षांचं झालं. उदाहरण घ्या: सातवी आवृत्ती जून २०१४ मध्ये आली आणि ३० जून २०२४ ला तिची नियमित देखभाल थांबली. या दहा वर्षांत बाहेर लिनक्सच्या गाभ्याशी असलेलं कर्नल ३ वरून ६ वर गेलं, आत मात्र आकडा ३.१० वरच राहिला.

नवशिक्यांचा आणि अनेक जुन्या ऑडिटरांचा गोंधळ इथेच होतो. आकडा जुना म्हणजे माल जुना, असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात नव्या आवृत्तीत झालेली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या आवृत्तीत शिवली जाते. पैठणीचं सूत उसवलं तर रफूगार पदर बदलत नाही, तेवढेच धागे भरतो, तसं. आकडा तोच, आतलं भोक बुजलेलं. याला 'बॅकपोर्ट' म्हणतात. स्कॅनर नुसता आकडा वाचतो आणि लाल रंगाचा चाळीस पानी अहवाल छापतो. तो अहवाल साहेबांच्या टेबलावर पडतो आणि तुम्हाला बोलावणं येतं. अशा वेळी घाबरून बाहेरून नवं सॉफ्टवेअर आणून हातानं बसवणारे मी पाहिले आहेत. त्यांनी एक काल्पनिक भोक बुजवलं आणि पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांची वाट कायमची बंद केली. पॅकेजच्या बदलनोंदीत त्या दोषाचा क्रमांक शोधायचा आणि ती ओळ ऑडिटरला दाखवायची, एवढंच करायचं असतं. तिसऱ्या प्रकरणात ते सविस्तर आहे.

वचन मोडलं की काय होतं तेही आपण पाहिलं. रेड हॅटच्याच मुळांवर वाढलेलं, फुकट मिळणारं सेंटओएस २००४ पासून आपल्याकडच्या लहान कंपन्यांचा आणि कॉलेजांचा आधार होतं. आयबीएमनं २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की सेंटओएसची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत नव्हे, २०२१ च्या अखेरीस संपेल. दहा वर्षांचा भाडेकरार दोन वर्षांत आटोपला. ती पोकळी भरायला अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले, आणि दोन्ही चांगले आहेत. या पुस्तकातल्या आज्ञा रेड हॅट धरून तिन्ही ठिकाणी चालतात. कोण बरोबर, कोण चूक हा वाद मी इथे घालणार नाही. आठवी आवृत्ती मोठ्या उत्साहानं बसवून घेतलेल्या माणसांपैकी मी एक असल्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षाही ठेवू नये.

आता एक माझी स्वतःची फजिती. २००६ ची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेचा सर्व्हर मी पुण्यात बसून सांभाळत असे. शुक्रवारी संध्याकाळी मला फायरवॉल नीटनेटकी करायची बुद्धी झाली. नको ते सगळे पोर्ट बंद करायचे म्हणून नियमांची फाइल नव्यानं लिहिली, दोनदा वाचली आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली. कर्सर गोठला. एसएसएच ज्या २२ नंबरच्या पोर्टवरून येतं त्याची ओळच राहून गेली होती. घराला बाहेरून कुलूप लावलं, पण किल्ली आत टेबलावर. नियम फाइलीतच असल्यामुळे रखवालदाराला फोन करून मशीनचं बटण दाबायला लावूनही उपयोग नव्हता. रीबूट झालं तरी तीच फाइल पुन्हा वाचली जाणार. शनिवारी सकाळी नऊला तिथे खातेदारांची रांग लागणार होती. रात्रीची एसटी स्वारगेटहून पकडली. पहाटे पाचच्या आत मी त्या मशीनसमोर उभा होतो आणि एक ओळ टाइप करायला मला दहा सेकंद लागले.

ही चूक प्रत्येकजण एकदा करतो. दुसऱ्यांदा करू नये म्हणून काही सवयी आहेत, त्या आता सांगून टाकतो, कारण पुस्तक विकत न घेता प्रस्तावना चाळून जाणाऱ्यालाही त्या मिळाव्यात. एसएसएच किंवा फायरवॉलला हात लावण्यापूर्वी दुसरं सेशन उघडून ठेवावं आणि नवी खिडकी उघडून आत येता येतंय याची खात्री होईपर्यंत जुनी बंद करू नये. फाइल बदलल्यावर तिची तपासणी करून घ्यावी. एसएसएचला स्वतःची फाइल तपासायची सोय आहे. आणि पाच मिनिटांनी सगळं पूर्ववत करणारी आज्ञा आधीच वेळ लावून ठेवावी. काम फत्ते झालं तर ती रद्द करायची, नाही झालं तर चहा पिऊन यायचं. हल्लीच्या फायरवॉल-डीमध्ये 'चालू' नियम आणि 'कायम' नियम असे दोन कप्पे आहेत, इतकंच नव्हे, ठरावीक सेकंदांनी आपोआप उडून जाणारा नियमही लावता येतो. ज्यानं ही सोय केली त्यानंही कधीतरी रात्रीची एसटी पकडली असावी.

एसएसएचचा जन्मही एका चोरीतूनच झाला. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी तारेवरून जाणारे पासवर्ड टिपले. तोवर टेलनेटवर पासवर्ड उघड्यावरून, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जात असे. तातू यल्योनेन या तिथल्या संशोधकानं त्याच वर्षी लिफाफा तयार केला. आज पुष्कळ ठिकाणी आत शिरायला पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरतात. पण किल्ल्यांची एक खोड आहे: त्या वाटल्या जातात आणि परत मागितल्या जात नाहीत. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं ओळखपत्र आपण जमा करून घेतो, लॅपटॉप घेतो, जेवणाची कुपनंसुद्धा मोजतो. त्याची सार्वजनिक किल्ली सतरा सर्व्हरवर तशीच पडून असते. पुस्तक वाचून एकच काम करायचं असेल तर आपल्या मशीनवर कुणाकुणाच्या किल्ल्या आहेत ते जाऊन मोजा. नावं वाचून जुने सहकारी आठवतील.

रूट या सर्वाधिकारी खात्याबद्दल पुस्तकात दोन प्रकरणं आहेत, तरी कमी पडली असं मला वाटतं. युनिक्सच्या जन्मापासून, म्हणजे १९६९-७० च्या सुमारापासून, ही रचना चालत आली आहे: ज्याचा क्रमांक शून्य, त्याला कुठलाही नियम लागू नाही. आपल्या मातीत याच्या अगदी उलट विचार झालेला दिसतो. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन बरोबरीचे अधिकारी असत, आणि तिघांनी मिळून कारभार करायचा, हे सभासद बखरीत आलेलं आहे. दरवाजाच्या किल्ल्या एकाकडे, शिपायांच्या पहाऱ्याची जबाबदारी दुसऱ्याकडे, हजेरी-हिशेब तिसऱ्याकडे. एकटा फितूर झाला म्हणून किल्ला जात नसे. युनिक्स-लिनक्समध्ये हे शहाणपण मागाहून, तुकड्यातुकड्यानं आलं. सुडोनं सांगितलं की सगळी सत्ता देऊ नका, एवढीच आज्ञा एवढ्याच माणसाला द्या आणि त्याची नोंद ठेवा. व्यवहारात आपण काय करतो? सुडोच्या फाइलीत सगळ्यांना सगळं लिहून मोकळे होतो. तीन अधिकारी नेमायचे आणि तिघांनाही तिन्ही किल्ल्या द्यायच्या.

मग एसईलिनक्स आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं, म्हणजे एनएसएनं, डिसेंबर २००० मध्ये ते खुलं केलं. जगाचं बोलणं चोरून ऐकणाऱ्यांनी जगाला कुलूप द्यावं हा विनोद बाजूला ठेवू. कोड उघड्यावर आहे आणि दोन तपांहून अधिक काळ हजारो डोळे त्यावरून फिरले आहेत. २००३ च्या अखेरीस ते मुख्य कर्नलात गेलं आणि २००५ पासून रेड हॅटच्या आवृत्तीत मुळातच चालू असतं. त्याचं म्हणणं एवढंच: वेब सर्व्हर रूट म्हणून का चालेना, त्याला वेबच्याच फाइली वाचता येतील. प्रत्येक फाइलीवर एक चिठ्ठी, प्रत्येक प्रक्रियेवर एक चिठ्ठी, आणि कुठल्या चिठ्ठीनं कुठल्या चिठ्ठीला हात लावायचा याचा कायदा कर्नलच्या हाती.

आणि तरीही आपल्याकडे कुठल्याही बिघाडावरचा पहिला सल्ला काय असतो? "एसईलिनक्स बंद करून बघ ना." दुसरा सल्ला, "सातशे सत्त्याहत्तर मार." म्हणजे फाइलीवर सगळ्या जगाला वाचायची, लिहायची, चालवायची मुभा द्या. दोन्ही सल्ले लागू पडतात, हीच पंचाईत आहे. घराचा दरवाजा अडकतो म्हणून दरवाजाच काढून ठेवला तर ये-जा सुरळीत होतेच की! नव्वद टक्के वेळा खरं कारण क्षुल्लक असतं, आणि हा आकडा मोजलेला नाही, माझ्या अनुभवाचा अंदाज आहे. कुणीतरी आपल्या घरच्या फोल्डरमध्ये पानं तयार केली आणि ती तिथून 'हलवून' वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये आणली. हलवलेली फाइल जुनी चिठ्ठी घेऊन येते. नक्कल केली असती तर नव्या जागेची चिठ्ठी मिळाली असती. कर्नल चिठ्ठी बघतं, 'हे घरचं सामान आहे' म्हणतं आणि वेब सर्व्हरला हात लावू देत नाही. चिठ्ठ्या पूर्ववत करणारी एक आज्ञा आहे. ती चालवायची आणि घरी जायचं. पण त्यासाठी आधी लॉग वाचावा लागतो, आणि लॉग वाचणं हे आमच्या धंद्यात औषध वेळेवर घेण्यासारखं आहे. सगळ्यांना पटतं.

पॅचबद्दलही असंच. 'चालतंय ना, मग हात कशाला लावतोस?' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आणि तितक्यांदाच बोललोही आहे. मशीन नऊशे दिवस बंद पडलं नाही याचा अभिमान बाळगायचे दिवस होते. आज मी तो आकडा पाहिला की विचारतो, म्हणजे नऊशे दिवस कर्नल बदललं नाही? आणि बंद केल्यावर परत उठेल याची खात्री कोण देतं? दोष जुने असतात, हे लक्षात घ्या. २०१४ च्या सप्टेंबरात उघडकीला आलेला 'शेलशॉक' बॅश या रोजच्या शेलमध्ये १९८९ पासून होता. ज्या सुडोचं मी वर कौतुक केलं, त्यातच २०११ मध्ये शिरलेला एक दोष जानेवारी २०२१ मध्ये सापडला. कुठल्याही साध्या खात्यावरून थेट रूट होता येत असे. जवळजवळ दहा वर्षं ते दार उघडंच होतं. दोष जाहीर होतो त्या दिवशी धोका सुरू होत नाही. त्या दिवशी फक्त पत्ता छापून येतो, आणि तो चोर तुमच्याआधी वाचतो.

बॅकअपच्या प्रकरणाला मी सर्वांत जास्त पानं दिली आहेत आणि संपादकांशी त्यावरून वाजलंही. कारण सांगतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्यानं रात्री उशिरा, दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची माहिती पुसायची म्हणून आज्ञा दिली, आणि ती मुख्य सर्व्हरवर दिली गेली. दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. ठीक आहे, माणसाकडून चूक होते. खरी कथा त्यानंतरची. रोजचा बॅकअप बघायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते रोज अपयशी होऊन निमूट थांबत होतं. अपयशाचे ई-मेल जात होते, पण त्यांच्यावर योग्य ती सही नसल्यामुळे पोचण्याआधीच नाकारले जात होते. डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. वाचवलं ते एका योगायोगानं: त्याच अभियंत्यानं सहा तासांपूर्वी चाचणीसाठी म्हणून हातानं एक स्नॅपशॉट घेतला होता. सहा तासांचं काम गेलं, बाकीचं परत आणायला १८ तास लागले.

मला या कंपनीबद्दल आदर आहे तो पुढच्या गोष्टीसाठी. त्यांनी दुरुस्ती चालू असताना तिचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं आणि नंतर सगळी हकीकत, स्वतःच्या सगळ्या गचाळपणासकट, छापली. अभियंत्याला काढलं नाही. आपल्याकडे अशा प्रसंगी दोन ओळींचं पत्रक निघतं, त्यात 'तांत्रिक अडचणी'मुळे सेवा खंडित झाली असं असतं, आणि कुणी काहीही शिकत नाही. म्हणून बॅकअपच्या प्रकरणात मी बॅकअप कसा घ्यावा हे तीन पानांत उरकलं आहे. उरलेली पानं परत कसा आणावा, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून कसं मोजावं, आणि सहा महिन्यांतून एकदा कोरं मशीन घेऊन हा सराव कसा करावा याला दिली आहेत. बॅकअप घेतला जातो असं कुणी सांगितलं की विचारा, शेवटचा परत कधी आणून पाहिला? समोरचा माणूस छताकडे बघायला लागेल.

लॉगविषयी थोडक्यात. भारतात ही आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपावे लागतात, ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि सर्व्हरचं घड्याळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेलं असावं लागतं. घड्याळाची अट वाचून पुष्कळांना हसू आलं. पण दोन मशीनच्या वेळेत चार मिनिटांचं अंतर असेल तर चोर आधी कुठल्या खोलीत शिरला हे कोणत्याच लॉगवरून सांगता येत नाही. लॉग त्याच मशीनवर ठेवू नये हे वेगळं सांगायला नको. आत शिरलेला माणूस पहिल्यांदा तेच पुसतो. आणि वाढलेला लॉग सरळ उडवू नका. फाइल उडवली तरी जी प्रक्रिया ती उघडून बसली आहे ती सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही, डिस्क भरलेलीच दिसते आणि रात्री दोन वाजता भुताटकी वाटते.

कंटेनर, क्लाउड, ॲन्सिबल यांवर शेवटची तीन प्रकरणं आहेत. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतलं मशीन. इमारतीची राखण तो करतो, खोलीची आपणच. ॲन्सिबलनं चारशे सर्व्हरवर एकदम दुरुस्ती करता येते. माझ्या २००६ च्या फाइलीतली चूकही एकदम चारशे सर्व्हरवर करता येते. त्यासाठी एसटीच्या किती फेऱ्या लागतील, ते तुम्हीच काढा.

इंग्रजीत या विषयावर ढिगानं पुस्तकं असताना मराठीत कशाला, असा प्रश्न मला प्रकाशक सोडून सर्वांनी विचारला. पुण्यात, नवी मुंबईत, नागपुरात रात्रपाळीला फोनवर काय बोललं जातं ते ऐका. "अरे, सर्व्हिस उठतच नाहीये." "डिस्क भरलीय बघ." "त्याचा लॉग काय म्हणतोय?" काम मराठीत चाललेलं असतं, फक्त पुस्तक इंग्रजीत असतं. मी नवे शब्द घडवायच्या फंदात पडलेलो नाही. सर्व्हरला सर्व्हरच म्हटलं आहे. आज्ञा मात्र देवनागरीत लिहून यंत्राला कळत नाहीत, म्हणून या प्रस्तावनेत एकही दिलेली नाही. पुढे त्या मूळ रूपात, वेगळ्या चौकटीत आहेत. हा मजकूर मी लिनक्सवरच, 'लोहित' या फॉन्टमध्ये टाइप केला. तो रेड हॅटनं खुला केलेला, त्याची देखभाल त्यांच्या पुण्याच्या कार्यालयातून होत आलेली, आणि लोहित म्हणजे लाल.

आभार मानायची यादी लांब आहे, ती मागे दिली आहे. एक माणूस तिथे बसत नाही, कारण मला त्याचं पूर्ण नाव कधीच कळलं नाही. त्या पहाटे सांगलीकडच्या संस्थेत मला दार उघडून देणारा रखवालदार. मी घाम पुसत ती एक ओळ टाइप केली, लॉगिन झालं, आणि निघणार तर तो म्हणाला, "साहेब, आलाच आहात तर बघा. दोन दिवस झाले, त्या पेटीचा आवाज बदललाय. आधी घूं यायचा, आता मधेच कुरकुरतोय." त्यानं आयुष्यात संगणक चालवला नव्हता, फक्त रोज रात्री त्याच्या शेजारच्या खोलीत बसत असे. मी पेटी उघडली. दोन पॉवर सप्लायपैकी एकाचा पंखा अडकत होता. सोमवारी नवा मागवला. जाताना त्यानं वही पुढे केली, तीत माझ्या येण्याची नोंद आधीच होती: वेळ ४.५०, पुण्याचे साहेब, काम, मशीन. जाण्याची वेळ भरायची राहिली होती. ती त्यानं मला घड्याळ बघून भरायला लावली.